शिंत्रे अण्णांचे रेझर

शिंत्रे अण्णा माणसाच्या तोंडाकडे न बघता हनुवटीकडे बघायचे. पाटबंधारे खात्याच्या कोल्हापूर कचेरीत मी रुजू झालो, त्या दिवशी शेजारच्या टेबलावरून त्यांनी माझी हनुवटी न्याहाळली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पावणं, घरात कुणाचा जुना रेझर हाय का?" नाव-गाव नंतर विचारलं.

अण्णांना जुने सेफ्टी रेझर गोळा करायचा नाद होता. त्यांचं एक ठाम मत होतं, "दाढी सोताच्या हातानं करावी, पण रेझर दुसऱ्याचा असावा." घेतलेला प्रत्येक रेझर ते आधी स्वतःच्या गालावर चालवून बघत, त्यामुळे कचेरीत येताना त्यांच्या तोंडाला वर्तमानपत्राचे दोन-तीन कपटे चिकटलेले असायचेच. भंगारवाल्या नबीलालने त्यांना बरोबर ओळखलं होतं. रेझर दाखवताना तो आवाज खाली आणून म्हणे, "अण्णा, ह्यो गोऱ्या साहेबाचा हाय, कुनाला बोलू नगा." त्याने अण्णांना इतके साहेब विकले की, इंग्रज कोल्हापुरात राज्य करायला आले होते की नुसत्या दाढ्या करायला, असा प्रश्न पडावा.

पण भंगारात चांगला माल फार मिळत नसे. तो म्हाताऱ्यांच्या कपाटात असे. म्हणून अण्णा आजाऱ्यांच्या समाचाराला जाऊ लागले. हातात मोसंबी, डोळे खिडकीतल्या आरशाखाली. आमचे निवृत्त झालेले एक साहेब विषमज्वराने महिनाभर आडवे होते. अण्णा मोसंबी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी साहेब उठून बसले.

पुढे माझ्या वडिलांना, अप्पांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. अप्पा लढाईच्या वेळी फौजेच्या कोठारात कारकून होते. तिकडून त्यांनी एक जर्मन रेझर आणला होता. मुठीच्या बुडाशी असलेली चावी फिरवली की डोक्याची दोन दारं उघडत, आत पातं ठेवायचं, उलटी फिरवली की दारं बंद. ही गोष्ट मी कचेरीत बोलून बसलो. संध्याकाळी मोसंबी दारात.

अप्पांची दाढी वाढली होती. न्हाव्याला त्यांनी शिव्या देऊन हाकललं होतं, माझा हात त्यांना चालत नव्हता. अण्णा म्हणाले, "मी करतो की. त्यात काय!" आणि त्या दारांच्या रेझरने त्यांनी अप्पांची दाढी केली. स्वतःचा गाल सोलणारा हा माणूस अप्पांच्या गालावरून असा हात फिरवत होता की एक ओरखडा नाही. मग एक दिवसाआड ते येऊ लागले. आई पाणी कोमट करून ठेवायची.

अप्पांना सगळं कळत होतं. अर्ध्या तोंडाने ते बजावत, "शिंत्रे, मी जिता हाय तवर रेझर माझा."

"व्हय की," अण्णा फेस लावत म्हणायचे. "मला कुठं गडबड हाय?"

आईला हे बोलणं लागायचं. एकदा ती अप्पांना म्हणालीच, "तो तुमच्यासाठी येत नाही, त्या लोखंडासाठी येतो."

"म्हाईत हाय," अप्पा म्हणाले. "पण येतोय न्हवं?"

पुढच्या हिवाळ्यात अप्पा गेले. त्या दिवशी सकाळीही दाढी झाली होती. माझे थोरले बंधू पुण्याहून आले. ते मोठे इंजिनियर; अप्पांच्या आजारपणात त्यांची पत्रं नेमाने येत, स्वतः मात्र एकदाच येऊन गेले होते. दिवस उरकल्यावर अण्णा भेटायला आले आणि बसल्या बसल्या त्यांची नजर आरशाखाली गेली. दादांनी ती पकडली.

"रेझर मी नेणार आहे," दादा म्हणाले. "अप्पांची आठवण म्हणून."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हावू द्या की तुमच्याकडं. तुमचाच बाप. फकस्त एक सांगा पावणं, अप्पांच्या हनुवटीखाली मस होता, तो कुठल्या बाजूला?"

स्वतःच्या बापाच्या घरात दादा पावणे झाले होते. ते आईकडे बघू लागले.

"डाव्या," अण्णा म्हणाले. "तिथं रेझर खालनं वर न्यावा लागायचा. न्हाईतर रगात यायचं."

आई उठली, रेझर पदराने पुसला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. माझे डोळे भरून आले. दादांनीही मान खाली घातली. अण्णांनी रेझर उजेडाकडे धरला, दारं उघडली, मिटली आणि म्हणाले, "काकी, ह्याची डबी कुठं हाय? डबीबिगर अर्ध्या मोलाचा हो ह्यो."

डबीत आईच्या सुया आणि बटणं होती. तिने ती पाटावर ओतली आणि डबी दिली. अण्णा नमस्कार करून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत. आई मात्र दोन-चार सकाळी सवयीने पाणी तापवत राहिली.

काही महिन्यांनी कळलं की अण्णा दर रविवारी एस.टी.ने मुरगूडला जातात. तिथे एक म्हातारे सुभेदार अंथरुणाला खिळलेत, त्यांची दाढी करायला. मी कचेरीत खोचकपणे विचारलं, "काय अण्णा, सुभेदारांचा रेझर कुठला? इंग्लिश?"

"रेझर कुठला? गंजका वस्तरा हाय नुसता."

"मग एवढ्या लांब कशाला जाता?"

अण्णांनी पुढ्यातली फाईल उघडली, माझी हनुवटीसुद्धा बघितली नाही. "त्येंच्या मेव्हण्याकडं हाय की एक," ते म्हणाले.