पांढरी चिंधी निघेपर्यंत

चिंधीमामांचं खरं नाव कुणी विचारलं असतं तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. त्यांची उभी हयात रायफल क्लबाच्या मागच्या खोलीत गेली. लोक यायचे, मैदानावर धडाधड गोळ्या झाडायचे आणि तापलेली रायफल मामांच्या टेबलावर टाकून घरी जायचे. मग मामा लांब सळईच्या टोकाला कापडाची चौकोनी चिंधी लावून ती नळीतून आरपार काढत. पहिली चिंधी काळीकुट्ट निघे, मग करडी, मग पांढरी. भिंतीवर पाटीच होती, की पांढरी चिंधी निघाल्याशिवाय नळी साफ समजू नये आणि साफ नसलेली रायफल कुणाला देऊ नये. मामांनी हा नियम कधी मोडला नाही, आणि इतक्या वर्षांत मामांकडे कुणी धड पाहिलंही नाही. रायफल घेताना माणूस रायफलीकडे बघतो, देणाऱ्याकडे नाही.

अशा माणसाची काही तक्रार नसते असं लिहायची पद्धत आहे. मामांची तक्रार होती, चांगली घसघशीत होती, फक्त ती रोज एकट्या मामींना ऐकावी लागे.

घोळ सुरू झाला तो दातांच्या डॉक्टरांपासून. त्यांची गोळी आपलं निशाण सोडून शेजारच्या निशाणावर जाऊ लागली. शेजारी कापडवाले शेठ उभे असत, त्यांची गोळी कुठे जाते हे तर शेठनाही ठाऊक नव्हतं. क्लबाच्या सेक्रेटरींची गोळी मागच्या मातीच्या ढिगात जाई. तिघांनी मिळून चहा घेतला आणि दोष आपल्यापैकी कुणाचाच नाही हे एकमताने ठरलं. सेक्रेटरींनी कुठेतरी वाचलं होतं, की गोळीच्या अंगावर तांब्याचं पातळ कवच असतं, प्रत्येक बाराला ते नळीच्या आतल्या खाचांना थोडं थोडं घासून बसतं आणि अशी पुटं चढली की गोळी भरकटते. त्यावरचं औषधही त्यांनी मागवलं. बाटली उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. सेक्रेटरींनी मामांना समजावलं, की तांब्याला लागलं की हे औषध निळं होतं. चिंधी निळी येतेय तोवर आत तांबं आहे, पांढरी आली की नळी साफ.

मामांनी डॉक्टर वापरत त्या रायफलीच्या नळीत औषध सोडलं, थोडं थांबले आणि सळई आरपार काढली. चिंधी निळी निघाली. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामांनी दुसरी काढली, तीही निळी. संध्याकाळपर्यंत टेबलावर निळ्या चिंध्यांचा ढीग झाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून निळ्याच.

मग पाटीतल्या नियमाप्रमाणे ती रायफल बंद झाली. हिच्यात एवढं तांबं, तर बाकीच्या काय धुतल्या तांदळासारख्या असणार, असं म्हणून सेक्रेटरींनी बाकीच्याही बंद केल्या. क्लबातला गोळीबारच थांबला.

आता सभासद यायचे बंद होतील असं कुणालाही वाटेल. उलट ते जास्तच येऊ लागले. गोळ्या झाडल्या की खांदा दुखतो, कान वाजतात आणि आपण कुठे चुकलो ते भोकासकट सगळ्यांना दिसतं. चिंधी बघायला यातलं काही लागत नाही. मामांच्या खोलीत खुर्च्या आल्या. शेठना रंगांची जन्माची पारख होती, ते प्रत्येक चिंधी उजेडाला धरून मोरपंखी, आस्मानी, फिका आस्मानी असा निकाल देत. डॉक्टर दवाखान्यातला छोटा आरसा आणून नळीत डोकावत आणि मान हलवत म्हणत, मुळापर्यंत गेलंय. रविवारी लोक बायकामुलांना घेऊन येत. मामांनी सळईला हात घातला की खोलीत शांतता पसरे.

आणि मामा? मामांनी नवा शर्ट शिवला. चिंधी बाहेर काढायच्या आधी ते क्षणभर थांबू लागले. पूर्वी ते सळई भसकन ओढत, आता बोटाबोटाने काढत. भाव खाणं याला म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खायला मिळाल्यावर माणूस तो पोटभर खातो.

घरी वेगळंच चाललं होतं. त्यांची एकुलती लेक लांबच्या शहरात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिने आईबाबा दोघांनाही बोलावलं होतं, काही दिवसांसाठी नव्हे, कायमचं. नोकरी सोडतो असं मामांनी आधीच सांगून टाकलं होतं. सेक्रेटरी म्हणाले होते, अवश्य जा, फक्त ही एवढी नळी पांढरी करून द्या. मामी बॅगा भरून बसल्या होत्या. त्यातला तवा रोज काढायचा आणि रोज परत ठेवायचा, यात त्यांच्या नाकी नऊ आले होते. बाळ आपल्याआधी जगात येऊन बसेल आणि आजोबा कुठे आहेत म्हणून विचारेल, असं त्या म्हणत.

एके दुपारी मामांनी वाटीत थोडं औषध ओतलं, सळईचं टोक त्यात ठेवलं आणि जेवायला गेले. परत येऊन बघतात तर वाटीतलं औषध निळंशार. रायफल तिकडे कपाटात कुलपात होती. सळईच्या टोकाला चिंधी अडकवायचं पितळेचं बोंड होतं. पितळात तांबं असतं हे मामांना माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं, शेठना माहीत होतं, सेक्रेटरींना तर नक्कीच माहीत होतं. पूर्वी साध्या तेलावर काम चालायचं, तेव्हा बोंडाचा काही त्रास नव्हता. हे औषध आल्यापासून सगळे बोंडाचा निळा रंग बघायला खुर्च्या टाकून बसत होते.

रात्री त्यांनी मामींना सांगितलं. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मग सांगा की त्यांना उद्याच."

"रविवारी सांगतो," मामा म्हणाले.

रविवार आला. खोली खच्चून भरली होती. मामांनी सळई उचलली, सगळे श्वास रोखून बसले, आणि मामांनी बोटाबोटाने निळी चिंधी बाहेर काढली. घरी आल्यावर त्यांनी मामींना सांगितलं, की आज गर्दी फार होती, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी शेठचे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं. मामींनी तवा आपटला. मामांना स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही शनिवारी ते शर्टाला इस्त्री करत होते.

मग एका रविवारी सकाळीच जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं.  मामांनी जुन्या टूथब्रशच्या प्लास्टिकच्या दांडीतून एक टोक तासलं, ते सळईला घट्ट बसवलं आणि मामींना म्हणाले, "तू बॅगा घेऊन क्लबाच्या फाटकाशी उभी राहा. मी आलोच."

खोलीत सगळे जमलेच होते. मामांनी या वेळी भाव खाल्ला नाही. पहिली चिंधी जराशी मळकट आली, दुसरी बरी, तिसरी पांढरी. मग आणखी एक, तीही पांढरीफेक. ती त्यांनी उंच धरली.

कुणीही टाळी वाजवली नाही. डॉक्टर म्हणाले, चिंधी नळीला लागलीच नसेल. शेठनी ती चुरगळून पाहिली आणि या रंगात काही राम नाही म्हणून नाक मुरडलं. मामांनी सरळ सगळं सांगून टाकलं. वाटी घेतली, औषध ओतलं, पितळी बोंड त्यात बुडवून ठेवलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत औषध निळं करून दाखवलं. मला हे आधीच कळलं होतं, मी गप्प बसलो, माफ करा, असंही म्हणाले.

सेक्रेटरींनी बराच विचार केला. "पितळाने निळं होतं, हे मान्य," ते म्हणाले. "पण म्हणून नळीने निळं होत नाही, हे कुठे सिद्ध झालं?"

सभासदांनी माना डोलावल्या. हात वर करून मतं घेतली गेली आणि पांढरी चिंधी नामंजूर झाली. सेक्रेटरींनी टूथब्रशचं टोक काढून खिडकीबाहेर टाकलं, पितळी बोंड पुसून सळईला बसवलं, नवी चिंधी औषधात बुडवून लावली आणि सळई स्वतःच्या हाताने नळीत घातली. सगळे पुढे झुकले. सेक्रेटरींनी ती बोटाबोटाने ओढली. चिंधी निळी निघाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा खिडकीपाशी उभे होते. "येतो मी," ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी जरा पुढे होऊन पुन्हा म्हटलं, "लेक दवाखान्यात आहे. निघतो आता."

"मामा, जरा बाजूला व्हा," शेठ चिंधीवरची नजर न काढता म्हणाले, "उजेड अडतोय."

मामा बाजूला झाले आणि तसेच दाराबाहेर आले. फाटकाशी मामी दोन बॅगा घेऊन उन्हात उभ्या होत्या. सोडलं का म्हणून त्यांनी विचारलं. मामांनी होकारार्थी मान हलवली, पण पाय पुढे पडेनात. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं त्राणही नव्हतं.

"अगं, मला वाटलं होतं, ते मला बघायला येतात."

मामींना हसू आलं होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी ते आवरलं. "आत्ता फोनवर लेकीशी बोलले," त्या म्हणाल्या. "वेणा सुरू आहेत, तरी पहिलं काय विचारलं तर, बाबा निघाले का. मी निघाले की नाही, ते नाही विचारलं तिने."

शेवटचं वाक्य मामी जराशा रागानेच बोलल्या. मामांनी दोन्ही बॅगा त्यांच्या हातातून ओढून घेतल्या आणि ते रस्त्याने इतके भराभर चालू लागले, की मामींना मागून हाका माराव्या लागल्या.