उंबऱ्यापर्यंतचे टक्के

चाओलाननं हीटर बंद केला आणि मागे न बघताच म्हणाली, "बाबा, थंडी वाजली तर सांगा."

"वाजतेच आहे," मागच्या सीटवरून म्हातारा म्हणाला. "सांगून काय उपयोग? गाणं लाव."

"सकाळपासून तेच चाललंय."

"मग परत लाव. आणि मोठ्यानं."

तिनं लावलं. आमच्या लुओचेंगकडचं गावनाटक, नवरा-बायको पंखे नाचवत भांडतात ते. म्हातारा तरुणपणी त्यात झांज वाजवायचा. चाओलानताईला त्या झांजेचा लहानपणापासून राग. सकाळी पाचला फोशानहून निघाल्यापासून तीच झांज डोक्यात वाजत होती. डोळे चुरचुरत होते, कंबरेचा तर पार लाकडाचा ओंडका झालेला. आता दुपारचा एक वाजलेला.

ताई सेहेचाळीसची. फोशानमध्ये ॲपवर टॅक्सी चालवते, सात वर्षं झाली. गाडी विजेची, स्वतःची. दिवसभर बॅटरीचे टक्के बघून बघून तिला सवयच लागलीय. कसं चाललंय विचारलं तर म्हणते, "चाळीस टक्क्यांवर आहे, लवकर बोल." जेवली का विचारलं तरी टक्क्यांतच सांगेल. लोक हसतात. मी तिच्याच गावचा, फोशानमध्ये तिच्या शेजारीच राहतो; मी नाही हसत. सकाळपासून रात्रीपर्यंत परक्यांची पाठीमागची बडबड ऐकून बघा, मग हसा.

म्हाताऱ्यानं एकवीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली. ती धूळ छातीत बसलेली. दोन वर्षांपूर्वी ताई त्याला इलाजाला शहरात घेऊन आली, तेव्हा तिचा थोरला भाऊ चाओवेन नको म्हणत होता. परवा डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, आता चार-दोन दिवस. ताईनं दादाला फोन लावला तर तो एवढंच म्हणाला, "तू नेलास, तूच आण. जिवंत आण."

आमच्याकडे जीव बाहेर गेला तर प्रेत घरात येत नाही. गावाच्या वेशीबाहेर ताडपत्रीचा मांडव टाकतात, तिथेच सगळं उरकतात. ज्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं, त्याला त्याच घराचा उंबरा बंद. श्वास चालू असतानाच उंबरा ओलांडायचा, मग काय व्हायचं ते होवो. म्हाताऱ्याची शवपेटी तर सहा वर्षांपासून माळ्यावर तयार होती. त्यानं स्वतः फणसाचं लाकूड निवडलेलं.

म्हणून ताईनं आदल्या संध्याकाळी दुकानातून ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं. गाडीच्याच विजेवर चालणारं. ती ते डिकीत ठेवत होती, म्हातारा म्हणाला, "माझ्याशेजारी ठेव. डिकीतून नळी काय, मी म्हशीसारखा दावणीला बांधलोय का?" मग सीटवर त्याच्या हाताशी ठेवलं, वरून रजई टाकली, नळी नाकाला लावली. निघताना ताईनं त्याला समजावलं, "बाबा, हे मशीन, हीटर आणि गाडी, तिघं एकाच ताटातून जेवतात. हायवेवर चार्जिंगला सगळीकडे रांगा आहेत. हीटर मधून मधून बंद ठेवीन. मशीनला मात्र हात लावायचा नाही."

तेव्हापासून म्हातारा दर अर्ध्या तासाला विचारायचा, "किती?"

"त्रेपन्न."

"आता?"

"बाबा, ही चहाची किटली नाही उकळलीय का बघायला. अठ्ठेचाळीस."

नवीन वर्षाला तीन दिवस राहिलेले. अख्खा कारखान्यांचा पट्टा एकदमच घरी निघालेला. वूझोऊच्या अलीकडे दीड तास रांग, मग एकदाचं चार्जिंग. पुढे दोन ठिकाणी नुसती कोंडी. ल्युझोऊच्या आधीच्या थांब्यावर पोचली तेव्हा गाडीत नऊ टक्के होते आणि घर एकशे बत्तीस किलोमीटर. चार्जिंगला सहा खांब, पुढे एकोणीस गाड्या.

तिनं दार उघडून बापाकडे बघितलं. मशीन घुरघुरत होतं. म्हाताऱ्याचे ओठ जांभळे पडलेले.

"गारठलात," ती म्हणाली. टपरीवरून गरम पाणी आणून रबरी पिशवी भरली, त्याच्या पोटाशी ठेवली. कपाळावर हात ठेवला तर त्यानं झटकला. "हो पुढं. माझ्याकडे काय बघतेस, रांगेकडे बघ."

ती रांगेच्या तोंडाशी गेली. पुढच्या गाडीपाशी एक जाडा माणूस सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता.

"दादा, माझी गाडी जरा आधी लावू द्या."

"घ्या! आली अजून एक." त्यानं टरफल थुंकलं. "बाई, सगळ्यांचेच बाप घरी वाट बघतायत."

"माझा नाही बघत. माझा मागच्या सीटवर आहे."

"म्हणजे?"

"घरी पोचवायचाय. श्वास असेपर्यंत."

तो तिच्याबरोबर आला. काचेतून आत बघितलं. हातातल्या बिया खिशात टाकल्या. मग तो रांगेकडे वळून ओरडला, "ए, ही गाडी माझ्याजागी! मी शेवटी जातो! कुणाला बोंबलायचंय त्यानं माझ्यासमोर येऊन बोंबलावं!"

एक बाई बोंबलली. तिच्या गाडीत तापलेलं लेकरू होतं, तिचंही खरं होतं. ताई तिला म्हणाली, "वीस मिनिटं. बरोबर वीस. मग मीच काढते."

वीस मिनिटांनी तिनं वायर काढली. छत्तीस टक्के. गाडीचा स्क्रीन सांगत होता, एकशे सोळा किलोमीटर जाईल. रस्ता एकशे बत्तीस, शेवटचे चाळीस चढाचे. ती दोन मिनिटं खांबाला हात लावून उभी राहिली. त्या बाईनं आपली वायर उचललेली. ताई गाडीत बसली.

दादाचा फोन आला. "थांब तिथंच, पूर्ण भर. रस्त्यात बंद पडलीस तर? तरी म्हणत होतो, पेट्रोलची गाडी कर. खेळण्यात बसवून बापाला आणतेस!"

"पूर्ण भरायला अजून तीन तास रांगेत उभं राहायचं. तीन तास आहेत का त्यांच्याकडे? तू देतोस?"

मागून म्हातारा म्हणाला, "फोन ठेव. चल. गाणं लाव."

"बाबा, आता नको ना. डोकं ठणकतंय माझं."

"मरणाऱ्याचं ऐकतात, लान."

तिनं लावलं. त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. झांज, पंखे, नवरा-बायको. हीटर बंद, काचांवर वाफ, ती फडक्यानं पुसत चाललेली. ट्रकच्या मागे मागे, सत्तरच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. पाय आखडला. एकदा डोळा लागला आणि गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली, म्हाताऱ्यानंच मागून हाक मारली. आवाज अगदी बारीक.

"किती?"

"बावीस. घर त्र्याऐंशी."

"जातेय की."

जात होती खरी. हिशेबापेक्षा टक्के हळू उतरत होते. ताईला वाटलं, ट्रकच्या आडोशानं वारा लागत नसेल. चढ सुरू झाला तेव्हा तेरा. गावच्या वळणावर दोन.

सात वाजले होते. दादा चार माणसं आणि वेताची खुर्ची घेऊन अंगणात उभा. म्हाताऱ्याला उचलून खुर्चीत बसवलं. ताईनं मशीन घरातल्या विजेवर लावायला उचललं, तर तो मान हलवून म्हणाला, "ती घरघर आता नको." नाकातली नळी त्यानंच ओढून काढली. खुर्ची उंबऱ्यावरून आत गेली तेव्हा त्याची छाती वरखाली होत होती. सगळ्यांनी बघितलं. दादानं तर हात ठेवून बघितलं. मग तो ताईकडे वळला आणि म्हणाला, "पोचलं खेळणं." त्याचा चेहरा रडका झालेला. ताई पायरीवर बसली ती उठलीच नाही.

म्हाताऱ्यानं दोन चमचे तांदळाची दारू घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, मधल्या खोलीत, आपल्या आढ्याखाली.

मशीन नंतर कुणी लावलंच नाही. सुट्टी संपल्यावर ताई लगेच टॅक्सीवर गेली, म्हणून ते परत करायला मी गेलो. दुकानदारानं ते उलटं केलं. पाठीला छोटा आकडा असतो, किती तास चाललं त्याचा. भाड्याच्या पावतीवर दोन हजार एकशे एकसष्ट लिहिलेलं. मशीनवर होते दोन हजार एकशे सदुसष्ट.

"सहाच तास?" तो म्हणाला. "चौदा तासांचा रस्ता म्हणाली होती ना बाई?"

मी म्हटलं, वायर निघाली असेल मध्येच.

"वायर निघाली तर हे शिट्टी मारतं, कान फुटतील इतकी. बटणानं बंद केलं तरच गप्प राहतं."