राजारामनं बंद केलेली ढाक

…तर घाटकोपरचा राजाराम पालथा, नाक मातीत, पाठीवर सांगलीकडचा गडी बसलेला, आणि आमचा पैलवान नुसता पाय झाडतोय, इथवर काल आलो होतो. का सुटता येईना? कारण बाबाला उभ्या आयुष्यात एकच डाव ठाऊक, ढाक. मान काखेत धरायची, कंबर घालायची, उचलून आपटायचं. वस्ताद म्हणायचे, खाली गेल्यावर सुटायचं कसं तेही शीक. हा मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "मी खाली जातोच कशाला?" गेला की नाही? दोन मिनिटांत चीतपट. मी पहिल्या रांगेत शेंगा खात होतो. हसून हसून ठसका लागला.

त्याला झाली पंधरा वर्षं. माणसानं एकदा गाढवपणा केला तर मी सोडून देतो. पण ह्यानं तोच उलटा करून पुन्हा केला! दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी तालमीत पोरींना शिकवतो. त्यातली एक त्याचीच लेक, नीलम. पोरीची ढाक बापापेक्षा देखणी. आमच्या खटावची जाणती माणसं उठून टाळ्या वाजवतील अशी. राज्याच्या संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर, वयाच्या हिशोबानं तिची शेवटची. आणि ह्या शहाण्याचं फर्मान, "ढाक बंद. ती येतेच, कुठं पळून जात नाय. फक्त खालून सुटायचं घोटायचं."

साठ दिवस पोर पालथी! मी म्हणालो, "अरे, दुभत्या म्हशीची पेंड भाकड म्हशीला घालतोस होय रे?"

"आबा, मॅटवरची कुस्ती वेगळी. तुम्हाला नाय कळणार."

मला नाही कळणार! मला!

मुलुंडला चाचणी झाली. आता गंमत ऐका. अख्ख्या कुस्तीत नीलमला कुणी खाली घेतलंच नाही. एकदाही नाही! समोरचीनं तिला फक्त मॅटबाहेर ढकललं, त्याचा एक गुण. शेवटची वीस सेकंदं उरली आणि त्या पोरीची मान आपसूक नीलमच्या काखेत आली. बाप कोपऱ्यातून बोंबलला, "मार ढाक!" नीलमनं कंबर घातली, पण किंचित उशिरा. साठ दिवसांचा उशीर तो. मान निसटली, भोंगा वाजला, संघातली जागा गेली.

पोर बापाकडे न बघता बुटाच्या नाड्या सोडत बसली. मी त्याला जिन्यात गाठला.

"काय रे शहाण्या, फार खालून सुटायचं घोटून घेतलंस पोरीकडून! खाली गेली म्हणून ती हरली, अशी एक तरी कुस्ती सांग मला."

राजाराम कठडा धरून उभा राहिला. मिशीकडे हात गेला नाही. म्हणाला, "आबा, खालून सुटायला मला येत नव्हतं. तिला येतं का, ते मी कधी विचारलंच नाय."