माझ्या नावावरची बातमी

नाशिकच्या अंबड भागातल्या ज्या कारखान्यात मी एचआरमध्ये होते, तिथे लोकांची आजारपणं, घरची भांडणं, कोर्टाच्या तारखा, सगळं माझ्या कपाटात कुलूपबंद असायचं. त्या कुलपाचा उपयोग तसा शून्य. कारण दुपारी कँटीनमध्ये आम्हा सहा-सात बायकांचे डबे एकदम उघडायचे, मधोमध सरकवले जायचे, आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते भाजीवरून कळायचं. डब्यात ब्रेड आला की सासूबाई गावाला गेल्या. लागोपाठ तीन दिवस गोडधोड आलं की पाहुणे हलायला तयार नाहीत. आणि नुसती चटणी-पोळी आली, की त्या दिवशी नवऱ्याबद्दल विचारायचं नाही, ती आपणच सांगते.

या टेबलाच्या प्रमुख होत्या अकाउंट्समधल्या ताई. मूळच्या सायखेड्याच्या, रिटायरमेंटला आलेल्या, मनाने अगदी मऊ. पण नजर! खुशीत आल्या की थेट गावच्या बोलीत सुरू व्हायच्या, "मला नको शिकवू. माझ्या नजरेतून काय बी सुटत नाय." खरंच सुटायचं नाही.

अशात आमच्याच टेबलावर जेवणारी, लॅबमधली एक इंजिनिअर माझ्या केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं. (हे मी तिला विचारून आणि वाचायला देऊन लिहिते आहे. ती आता दुसऱ्या शहरात असते.) तिला दिवस गेले होते. लॅबमध्ये दिवसभर पेंट आणि थिनरचा वास, तिथे काम करू नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते सोपं होतं. अवघड पुढेच होतं.

"मॅडम, इथे कोणाला म्हणजे कोणालाच कळायला नको," ती म्हणाली. "आधीच्या नोकरीत मी आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मग नंतर एकेकाला परत सांगावं लागलं, की आता नाही. कसं झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले. जो भेटेल तो विचारायचा. ते मला पुन्हा जमणार नाही."

कळवणला सासरीसुद्धा तिने सांगितलेलं नव्हतं. मी शब्द दिला. साहेबांना म्हटलं, डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला वरच्या मजल्यावर हलवायचं आहे, कारण विचारू नका. साहेब भला माणूस, त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, झालं काम.

पण शुक्रवार आला. शुक्रवारी डब्यांना सुट्टी आणि बाहेरून मिसळ, हा आमचा नेम. आता नाशकात राहून मिसळ नको म्हणणं म्हणजे आपणहून संशय ओढवून घेणं. तर्रीच्या पातेल्याचं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वाटी हळूच पुढे सरकवली. ताईंचा चमचा हवेतच थांबला.

"का गं? नको?"

त्या क्षणी मला काय सुचलं देव जाणे. मी ओढणी तोंडाला लावली, "ई, कसला उग्र वास!" म्हणत उठले आणि बाथरूमकडे पळत सुटले. वास अप्रतिम होता. मला इतकी भूक लागली होती की आत जाऊन मी नळाचं पाणी प्यायले. परत आले तर सगळे चेहरे माझ्याकडे. तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, मुलगा बारावीला. ताईंनी मला बाजूला घेतलं. "या वयात?" त्या कुजबुजल्या, आणि लगेच, "असू दे. आता जड काय उचलायचं नाय."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एचआरमध्ये राहून माणूस एवढं तरी शिकतो. नाही म्हटलं असतं, तर त्या नजरेने पुढचं माणूस शोधलं असतं.

मग माझे लाड सुरू झाले. खुर्चीवर उशी आली. पपईच्या फोडी माझ्यासमोरून उचलल्या गेल्या, आणि मला पपई फार आवडते. मिसळ तर बंदच. वॉचमन गाडी काढून द्यायला लागला. नवऱ्याचा एक मित्र आमच्याच परचेसमध्ये होता, त्यामुळे बातमी माझ्याआधी घरी पोचली.

"अगं, मी काय ऐकतोय?"

"ऑफिसची गोपनीय बाब आहे. मला बोलता येणार नाही."

"मला पण नाही?"

"कोणालाच नाही."

"मग मी काय समजू?"

"तू काही समजू नकोस," मी म्हटलं. बिचारा पुढे कित्येक दिवस माझ्या हातातल्या पिशव्या घ्यायचा, उगाच धोका नको म्हणून.

ती जिन्यात भेटली की हसू दाबत विचारायची, "मॅडम, तब्येत काय म्हणते?" मी म्हणायचे, "तुझी बरी तर माझी बरी."

एका सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, नाही राहिलं." एवढंच. रजेचं मी बघते, तू कोणाचा फोन घेऊ नकोस, असं सांगून मी फोन ठेवला आणि मला रडू आवरेना. चीडही येत होती, कोणावर ते कळत नव्हतं. ताई काही कामाने आत आल्या, माझ्याकडे बघितलं, दार लावलं आणि माझं डोकं पोटाशी धरलं. एक शब्द विचारला नाही. दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळलं, की माझं राहिलं नाही.

खुलासा करायचा तर तिचं नाव पुढे येणार. मी गप्प बसले. पण दुसरीच्या वाट्याची माया आपण घेतोय याची फार लाज वाटायची.

आठवड्याने ती कामावर आली, आणि नेमके त्याच दिवशी ताईंनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून आणले होते. डबा माझ्यापुढे ठेवून त्यांनी टेबलाला बजावलं, "हिला कोणी काय विचारायचं नाय. कसं झालं, कधी झालं, काय बी नाय. खाऊ द्या तिला."

ती माझ्या समोर बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मग हुंदका ऐकू आला. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडत होती, आणि सगळं टेबल तिच्याकडे वळलं. आता सगळं उघडं पडणार, असं मला वाटलं.

ताई उठल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "लय हळवी पोर हाय," त्या मला म्हणाल्या. "बघ, तुझ्यासाठी कशी रडते." माझ्या डब्यातला एक लाडू उचलून त्यांनी तिच्या हातात ठेवला.

भर टेबलावर, सगळ्यांच्या मध्ये बसून ती मन मोकळं होईपर्यंत रडली, आणि तिला कोणी एक प्रश्न विचारला नाही.