भाऊजींनी निवडलेली वेल्डिंग मशीन

माझ्या बहिणीचे यजमान कचेरीत कारकून होते. घरचे जावई म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायचो, अहोजाहो करायचो. तोंडाने आजही करतो. मनातून मात्र तो माणूस मला पहिल्यापासून पोकळ वाटत आला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ज्याच्याकडे काम शिकलो त्या उस्तादाकडची नोकरी मी सोडली आणि सीताबर्डीच्या मागे टिनाचं एक शेड भाड्याने घेतलं. मोटारींचं डेंटिंग करायचो, म्हणजे चेपलेलं मडगार्ड ठोकून सरळ करायचं, गंजलेला पत्रा कापून तिथे नवा जोडायचा. जोडायला वेल्डिंगचं सामान हवं होतं आणि जवळ पैसा बेताचाच. त्यात काही भर भाऊजींनी घातली. म्हणून ते भागीदार झाले, आणि भागीदार झाल्याबरोबर जाणकारही झाले.

मला जुना गॅसचा सेट घ्यायचा होता. कार्बाइडची टाकी, ऑक्सिजनचं सिलिंडर, रबरी नळ्या आणि हातात धरायची टॉर्च. दिसायला दरिद्री, पण त्याची ज्योत पाहिजे तितकी बारीक करता येते. भाऊजींनी तो बघितला आणि नाक मुरडलं.

"हे काय कल्हईवाल्याचं दुकान आहे का? जमाना इलेक्ट्रिकचा आहे गा."

"भाऊजी, विजेची मशीन जाड लोखंडासाठी रायते. गाडीच्या पातळ पत्र्याले ते भोक पाडते."

"हात नीट चालवला तर काहून पाडंल?"

या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नव्हता. तोही माझी बहीण ठोकायची.

रविवारी ते मला इतवारीत एका जुन्या यंत्रांच्या दुकानात घेऊन गेले. तिथे एक वेल्डिंग मशीन ठेवली होती, भली मोठी, वरून ताजा हिरवा रंग मारलेली. दुकानदाराने दोन जाड लोखंडी अँगल जोडून दाखवले, वर घणाचे घाव घातले आणि म्हणाला, "तोड के दिखाओ साहब." साहब म्हटल्यावर भाऊजींचं काम झालं. मी म्हटलं, पातळ पत्र्यावर चालवून दाखवा. दुकानदार म्हणाला, पत्र्याचा तुकडा सध्या नाही. अख्खी गल्ली भंगाराने भरलेली, आणि याच्याकडे पत्र्याचा तुकडा नाही. मी बाहेर जाऊन एक उचलून आणला. तोवर भाऊजींनी पैसे देऊन टाकले होते.

"असा संशयी स्वभाव धंद्यात चालत नाही," मशीन लादलेल्या हातगाडीमागून चालताना ते मला म्हणाले.

पहिलं काम आलं ते धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या गाडीचं. दाराची खालची कड गंजली होती. गंज कापून मी नवी पट्टी बसवली. जोडताना भाऊजी म्हणाले, तू सरक. काळी काच डोळ्यांपुढे धरून त्यांनी रॉड टेकवला. भोक पडलं. ते बुजवायला पुन्हा टेकवला, तर भोक रुपयाएवढं झालं. मग आतून धूर यायला लागला. दाराच्या आतलं रेक्झिन पेटलं होतं. मी बादलीभर पाणी ओतलं. भाऊजी काच हातात घेऊन मागे उभे होते.

"पत्राच खराब आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा भाऊजी शेडमध्ये नव्हते. डॉक्टरांनी जळकं दार पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुरुस्त होईल का?" मी होईल म्हटलं. उस्तादाकडे जाऊन गॅसचा सेट मागून आणला, दार पुन्हा कापलं, जोडलं, आणि रेक्झिन पदरचं घातलं. सेट देताना उस्ताद हसला. ते हसू भाऊजींच्या वाट्याचं होतं आणि मला सोसावं लागलं.

बहिणीला मी सांगितलं की यांच्यासोबत मला जमणार नाही. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "वेगळा हो दादा. मले रायनं आहे त्यायच्यासंग, तुले नाही."

मी वेगळा झालो. मशीन भाऊजींनी नेली, आणि मला आतून बरं वाटलं. वाटलं, आता ही त्यांच्या अंगणात गंजेल. पण शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, सगळ्यांना खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं हवी होती, आणि जाड लोखंडाला ती मशीन उत्तम चालायची. भाऊजींनी एक कारागीर ठेवला. पुढे नोकरी सोडली, दोन मजली घर बांधलं, हिंगण्याच्या कारखान्यांची कामं घेतली. मी जुना गॅसचा सेट विकत घेतला आणि गाड्यांखाली पडून राहिलो. माझं बरं चाललं, त्यांचं फार बरं चाललं.

लोकांना वाटतं, पैसा आला म्हणजे मी त्यांना मानायला लागलो असेन. नाही. मशीन त्यांनी हिरव्या रंगावर भुलून घेतली होती. फाटकांची कल्पनाही त्यांच्या डोक्यात नव्हती. अलीकडे नात्यातल्या एकाला गॅरेज काढायचं होतं. तो सल्ला विचारायला त्यांच्याकडे गेला. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"सुरुवातीपासून मले माहीत होतं का कोणती मशीन घ्यायची," भाऊजी त्याला सांगत होते. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा घाबरत होता."

मी कप खाली ठेवला आणि बहिणीला भेटायला आत गेलो.