दुरुस्तीची वही

निरोप आला तो इंग्रजीत. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर पाण्याचा टँकर कधी येणार या चौकशीच्या खाली गिरिजाक्कांच्या सतीशने इंग्लंडहून दोन ओळी टाकल्या होत्या. आई गेली, पहाटे झोपेतच गेली, शांतपणे गेली. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक चिकटवलं. पाच मिनिटांनी कुणीतरी पुन्हा टँकरचं विचारलं... दोन महिने होत आले, पण त्या ‘शांतपणे’चा राग काही माझ्या डोक्यातून जात नाही. गिरिजाक्का आणि शांत? जिचं बोलणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं, ती बाई शांत कशी होते, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

गिरिजाबाई जाधव, आमच्या शेजारीण. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात मराठी तेवढं राहिलं, तेही निम्मं कन्नडमध्ये भिजलेलं. मी पुण्याची. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले, तेव्हा हे गाव मला परदेशच होतं. पहिल्याच आठवड्यात गॅसवाला दारात उभा राहून काहीतरी सांगत होता, मी मराठीत ओरडत होते आणि दोघांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला, “मराठी काय वो तुम्ही? अय्यो, मग रडताय कशाला? मी हाय की!” गॅसवाला दोन मिनिटांत सरळ झाला. त्यानंतर दूधवाला, शाळेतल्या बाई, बोगादी रस्त्यावरची भाजीवाली, सगळ्यांशी माझ्या वतीने बोलायला गिरिजाक्का. इतकं बोलल्या की मला कन्नड शिकायची गरजच पडली नाही. बावीस वर्षं एका गावात राहून मला त्या गावाची भाषा येत नाही, आणि मी दुसऱ्यांना भाषा शिकवायला निघाले होते. वा रे मी!

रोज दुपारी चारला त्या यायच्या. घंटा नाही, काही नाही, दार ढकलून आत. “सुम्नेच आले वो.” सुम्ने म्हणजे सहज, उगीच. मी कॉफी टाकायची आणि त्या ओट्याला टेकून सांगत सुटायच्या. आणि त्या गेल्या की मी पुण्याला बहिणीला फोन लावून त्यांची नक्कल करायची. “स्वल्प साखर घाला की वो!” बहीण हसून हसून लोळायची. एकदा मागे वळले तर गिरिजाक्का दारात, विसरलेली पिशवी न्यायला आलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “होग्ली बिडी, जाऊ दे. हसवते तर हसवते.” दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा हजर, हातात चित्रान्नाचा डबा. अशा माणसाशी काय करायचं, सांगा.

त्यांचे यजमान गेले आणि सतीशने ठरवलं की आईने आता तिकडेच सेटल व्हायचं. घर विकलं. सून पुण्याची, तिकडे तिचं माहेरचं माणूसही वरचेवर येणारं. गिरिजाक्का धास्तावल्या. “तिच्या आईसमोर मी काय बोलू वो?” यावर मी काय म्हणावं? बोला जसं बोलता तसं, एवढं म्हणायला माझी जीभ झिजली असती का? नाही. मी दोनशे पानी वही आणली. म्हटलं, अहो, तिथे मराठी मंडळ असतं, लोक हसतील तुम्हाला. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे लाल शाईने माझा. सुम्ने, सहज. स्वल्प, थोडं. अक्का, ताई. मला त्या वयाने मोठ्या असून ‘सुलभक्का’ म्हणायच्या, तेही मी सुधारलं. मागच्या पानांवर त्यांनी पूर्ण वाक्यं लिहायची आणि ती कुणाशी तरी न अडखळता बोलून झाली की पुढे बरोबरची खूण करायची, हा गृहपाठही माझाच. एका दुपारी पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “एवढं सगळं काढलं तर माझं काय उरतं वो?” मी म्हटलं, “शुद्ध मराठी उरतं!” आणि स्वतःच्या विनोदावर मीच हसले.

सुरुवातीचे फोन मजेचे असायचे. कोणत्या वारी कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, हे पाठ केलं. बसचं कार्ड यंत्राला टेकवायला शिकल्या. नातवाला शाळेतून आणायला लागल्या. “सगळं जमतंय वो, माणूस तेवढं भेटत नाही.” मग मंडळाच्या गणपतीला गेल्या. उशीर झाला म्हणून घाईत वही विसरल्या आणि म्हणाल्या, “स्वल्प उशीर झाला, बेजार करून घेऊ नका.” आता कन्नडात बेजार म्हणजे मनाला वाईट वाटणं. तिथल्या एका बाईंनी टाळी दिली. “अय्या, किती गोड बोलता! परत म्हणा ना!” आणि मोबाइल काढला. चार जणी गोळा झाल्या, गिरिजाक्कांना तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. पुढे कन्नड लोकांच्या कार्यक्रमाला गेल्या, तर तिथे कुणीतरी विचारलं, मातृभाषा मराठी ना, मग तुमचं मंडळ आहे की वेगळं. हे मला त्यांनी हसत सांगितलं. मी काय म्हणाले? म्हणाले, “तरी मी सांगत होते, वहीचा अभ्यास वाढवा.”

त्यानंतर फोनवर त्या वाक्याच्या आधी थांबायला लागल्या. “थांबा हं, आठवते...” मग फोन आखूड झाले. काय करताय विचारलं की एकच उत्तर, “सुम्ने बसले.” मी दर वेळी टोकायची, “सहज बसले म्हणावं, गिरिजाक्का!” पलीकडून “हो, सहज” यायचं. आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखा श्वास ऐकू यायचा. मग त्या फोन ठेवायच्या. मला वाटायचं, बरं आहे, बाई आरामात आहेत.

सतीश अस्थी घेऊन आला. श्रीरंगपट्टणाला पश्चिमवाहिनीवर विसर्जन झालं. नजरबादला त्याच्या आत्याकडे, तुळसाबाईंकडे आम्ही जेवायला बसलो. आत्याचा नातू किरकिर करत होता, त्याला त्या दटावत होत्या, “ए, सुम्नीरु!” मी विचारलं, याला ‘सहज राहा’ असं का सांगताय? आत्या म्हणाल्या, “सहज कुठलं वो? गप्प बस म्हणते त्याला. सुम्ने म्हणजे गप्पसुद्धा. वैनी फोनवर मलाही तेच सांगायची, सुम्ने बसते म्हणून. दिवसभर तोंडातून शब्द नाही म्हणायची.” बाई मला दर आठवड्याला सांगत होती की मी मुकी झालेय, आणि मी तिचा शब्द दुरुस्त करत होते!

निघताना सतीशने वही दिली. आईच्या उशाशी होती म्हणाला. त्याचं शाळेतलं हिंदी केव्हाच पुसलंय, देवनागरी धड वाचता येत नाही. “त्यात रेसिपी असतील, काकू. पहिल्या पानावर तुमचं नाव दिसलं म्हणून आणली.” त्याला तरी काय बोलणार? त्याने आईला खोली दिली, हीटर दिला, डॉक्टर दिला. बोलायला माणूस दिलं नाही, आणि होतं ते माणूस मी होते.

वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडली, त्या टेकायच्या तिथेच. मागची पानं वाक्यांनी भरलेली. ‘आज हवा छान आहे, नाही?’ पुढे खूण. ‘तुमचा मुलगा कोणत्या इयत्तेत आहे?’ खूण. ‘माझ्या हातचा बिसीबेळेभात एकदा खाऊन बघा.’ खूण नाही. ‘मी तुमच्याबरोबर चालायला येऊ का?’ नाही. पुढची तीन पानं, एकही खूण नाही. शेवटच्या पानावर वाक्य वरून खाली पाच-सहा वेळा लिहिलेलं, आधी खाडाखोड, मग हळूहळू अक्षर सुधारत गेलेलं. सगळ्यात खालचं अगदी स्वच्छ होतं. ‘सुलभाताई, मला घरी यायचं आहे. सतीश तुमचं ऐकतो. त्याला सांगाल का?’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एकही कन्नड शब्द नाही, एकही चूक नाही. पुढे खूणही नाही.