हात जोडलेले आणि बँजो चालू

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. हा काही सभ्यपणा नाही, सूड आहे. सहा लग्नसराया मी ज्या मास्तरासाठी बँजो वाजवला, त्यानं एकदाही माईकवर माझं नाव घेतलं नाही. आता मी त्याचं घेत नाही. ज्यांच्या गाण्यावरून हे सगळं घडलं त्या स्वीडनच्या मंडळींचा यात काही दोष नाही, पण नियम म्हणजे नियम. त्यांचंही नाव नाही.

आमच्याकडं वरातीत वाजतो तो बँजो म्हणजे सिनेमातला गोल बँजो नव्हे. लांबट पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या पट्ट्या. डाव्या हातानं पट्ट्या दाबायच्या, उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. आवाज सगळा विजेवर. टेम्पोत जनरेटर, जनरेटरवर भिंतीएवढे स्पीकर, आणि त्या भिंतीच्या मागं, जिथं हवा येत नाही आणि माणूस दिसत नाही, तिथं स्टुलावर एकटा मी. ढोलाचा ठेका मशीनवर, आणि टेम्पोचा ड्रायव्हर दर वेळी नवा, पुढं केबिनमधे.

पुढं कोण? पुढं मास्तर. जरीचा कोट, डोक्याला फेटा, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बँजो. त्या बँजोची वायर टेम्पोपर्यंत यायची, बंपरखाली जायची आणि तिथं एका फडक्यात गुंडाळून संपायची. कशालाच जोडलेली नसायची. मास्तर नुसता बोटं हलवायचा. एके काळी तो खरोखर चांगला वाजवायचा, हे कबूल करतो. खोटं बोलून सूड घेण्यात मजा नाही. पण टेम्पो आला, सुपाऱ्या वाढल्या, मास्तर रियाझ विसरला. लोक मोबाइलवर त्याचंच शूटिंग करायचे. दोन स्पीकरांच्या मधे वीतभर फट होती, तिच्यातून मला त्याची पाठ आणि पाय दिसायचे. त्यानं उजवा पाय जोरात आपटला की मी एक लांब सूर धरून थांबायचं आणि मग त्यानं हात वर करून लोकांचे नमस्कार घ्यायचे, असं ठरलेलं. सहा वर्षं तो पाय आपटत राहिला आणि मी थांबत राहिलो.

दिवसा मी मोटार वायंडिंगचं काम करतो, हर्सूलला. घरी वडील. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळं वाजवणाऱ्याकडं ते पोलिसासारखे बघतात. मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की वरातीत वाजवतो तो मी. त्यांनी एक वरात रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, "म्या सोताच्या डोळ्यानं मास्तराची बोटं बघितली. तू कशाला थापा मारतो?" घरात वाजवून दाखवू लागलो तर म्हणाले, "घरात कुणी बी वाजवतं. चार मानसात वाजव, मंग बघू."

वरच्या खोलीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी भाड्यानं राहायची. दिसायला गरीब गाय, आणि ऐकायला लोखंड कापल्यासारखी गाणी. एका रविवारी तिच्या खोलीतून एक धून खाली आली. आधी चर्चमधल्या बाजाच्या आवाजात सरळ, ठसठशीत सूर. दोनदा ऐकले की डोक्यात घर करणारे. मग त्याच्यावर गिटार आणि ढोल तुटून पडले. मी पक्कड हातात घेऊनच वर गेलो. तिनं मोबाइलवर दाखवलं. गाणारा धर्मगुरूच्या उंच टोपीत, तोंड कवटीसारखं रंगवलेलं. मागं वाजवणारे सगळे सारख्या मुखवट्यांत. म्हणाली, "काका, हे स्वीडनचे लोक मुद्दाम नाव सांगत नव्हते. मुखवट्यामागं कोण आहे ते गुपित."

मी म्हणालो, "यांना निदान मुखवटा तरी मिळाला. मला स्पीकर मिळाला."

ती हसली. मग म्हणाली, "आणि गाणं सैतानाचं आहे बरं का."

"मग वरातीला एकदम फिट," मी म्हणालो. "तिथं तसंही सगळ्यांच्या अंगात येतंच."

महिनाभर मी त्या धूनमागं लागलो. बाजाचा आवाज बँजोवर येईना, म्हणून खालच्या दोन तारा ढिल्या करून पाहिल्या. मूळ चाल भलती सरळ होती, तिच्यावर आपल्याकडचा माणूस नाचणार नाही. तिला आपल्या ढोलाच्या ठेक्यात बसवली, मधे एक पळती जागा घातली, जिथं बोटं पट्ट्यांवरून अशी धावतात की श्वास घ्यायला फुरसत नसते. ती पळती जागा स्वीडनच्या गाण्यात नाही. ती माझी आहे, हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवतो.

धून चालली. चालली म्हणजे कशी, तर गंगापूरपासून वैजापूरपर्यंत सुपारी द्यायला येणारे आधी विचारायचे, "ते चर्चवालं वाजवनार ना?" नवऱ्याचे मित्र घोडा थांबवून तीन-तीनदा वाजवायला लावायचे. दुसऱ्या पार्ट्यांनी चोरायचा प्रयत्न केला, पण पळत्या जागेवर त्यांची बोटं अडखळायची. आणि मास्तर माईकवर सांगायचा, "ही धून आपन सोता बसवली हाय!" स्पीकरमागं मला घाम फुटायचा, आणि तो उन्हाचा नसायचा.

हेही मी गिळलं असतं. पण माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं, मुलगी करमाडची. वडील कुटुंबात थोरले, त्यामुळं वाजंत्र्याचं त्यांच्याकडं. त्यांनी मास्तराला घरी बोलावलं. मास्तर आमच्या खुर्चीवर बसला, आमचा चहा प्यायला. ट्रे माझ्याच हातात होता. वडिलांनी विचारलं, "आमचं पोरगं काय करतं वो तुमच्याकडं? घरी तर सांगतं, बँजो तेच वाजवतं."

या माणसानं आता फक्त एक 'व्हय' म्हणायचं होतं. चार लोकांसमोर नको, माईकवर नको, फक्त माझ्या बापासमोर.

मास्तरानं बशीत चहा ओतला. "वायरिंगचं समदं तेच बघतं," तो म्हणाला. "मानूस लई इमानी हाय. वाजवायचं काय, शिकल हळूहळू."

"खोटं आहे हे," मी म्हणालो.

"गप," वडील म्हणाले. "पाव्हन्यासमोर तोंड चालवतो?" मग ते मास्तराकडं वळून म्हणाले, "माफ करा. लहानपनापासून थापाडं हाय जरा." दोघं हसले.

चाळिशीला आलेला माणूस मी, माझ्याच घरात, ट्रे धरून थापाडा ठरलो. त्या क्षणी मी मास्तराला संपवायचं ठरवलं. मारहाण वगैरे नाही. ती माझी लाइन नाही. मला त्याला लोकांसमोर उघडा पाडायचा होता, आणि त्या लोकांत माझा बाप हवा होता. लग्न सव्वा महिन्यावर होतं. तेवढे दिवस मी मास्तराशी इतका गोड वागलो की त्याला वाटलं, पोरगं वठणीवर आलं.

करमाडला वरात निघाली तेव्हा चार वाजले होते. ऊन तिरपं होऊन थेट टेम्पोच्या तोंडावर येत होतं. सगळा रस्ता मी नेहमीसारखा वाजवला, उलट नेहमीपेक्षा चांगला. मांडवाच्या दारात टेम्पो थांबला. आमच्याकडं दारात उभं राहून शेवटची धून वाजवायची रीत आहे. मुलीकडचे सगळे पुढं येऊन ऐकतात. फटीतून मला वडील दिसले. नव्या पांढऱ्या शर्टात, व्याह्यांच्या शेजारी, मास्तरापासून पाच पावलांवर. याहून चांगली जागा मी मागून घेतली नसती.

धून सुरू केली. मुलीचे वडील हात जोडून पुढं आले. मास्तरानं पाय आपटला, कोट सावरला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "जय भीम!"

आणि मी पळती जागा घेतली.

मास्तराचे हात जोडलेले, आणि बँजो सुसाट चाललेला. पहिले दोन-तीन सेकंद कुणाला काही कळलं नाही. मुलीच्या वडिलांनी जोडलेल्या हातांकडं पाहिलं, मग गळ्यातल्या बँजोकडं, मग परत हातांकडं. मास्तरानं पुन्हा पाय आपटला. मी चालूच. त्यानं घाईघाईनं बोटं पट्ट्यांवर टेकवली, आणि त्याची बोटं टेकताच मी थांबलो. तो मुक्या बँजोवर बोटं नाचवतोय! कुणीतरी ओरडलं, "आरं, मास्तर वाजवतंय तर वाजंना, आन् हात काढले की वाजतंय!" हशा पिकला. त्यानं हात काढले. मी वाजवलं. त्यानं हात ठेवले. मी थांबलो. तिसऱ्यांदा तर पोरीबाळी पोट धरून हसत होत्या. मला काय वाटलं ते लपवत नाही. लई गोड वाटलं. सहा वर्षांचा प्रत्येक आपटलेला पाय मी त्या तीन मिनिटांत वसूल केला.

आता उठायचं, बँजो गळ्यात घालून स्पीकरांच्या पुढच्या फळीवर जायचं आणि सगळ्यांना दाखवायचं, की बघा, हा वाजवतोय. तेवढंच राहिलं होतं. मी लांब वायर सोबत घेऊन निघालोही.

पण मास्तर कसलेला माणूस. तीस वर्षं लोकांसमोर उभा राहिलेला. त्यानं माईक उचलला, आणि हसत, अगदी ओशाळं हसत म्हणाला, "माफी करा मंडळी. आता लपवून काय करता, पेनड्राइव्ह हाय हो! आजकाल समदेच लावत्यात. मशीन बिघडली. ए ड्रायव्हर, बंद कर रं जनरेटर!"

लोक आणखी हसले. पण ते हसणं आता मायेचं होतं. लबाड म्हातारा, पकडला गेला बिचारा, असं. त्या माणसानं भर मांडवात स्वतःला ठग म्हणवून घेतलं, पण माझं नाव घेतलं नाही. तो ठग व्हायला तयार होता, मला वाजवणारा होऊ द्यायला तयार नव्हता.

जनरेटर धाप टाकत बंद पडला. मी तोवर फळीवर उभा होतो, गळ्यात बँजो, समोर दोनशे माणसं. मी थांबायला हवं होतं. पण रागानं डोकं काम करत नव्हतं, आणि बोटं आधीच पट्ट्यांवर होती. मी धून सुरू केली. विजेशिवाय त्या तारांचा आवाज हातभर अंतरावरही जात नाही. मला ऐकू येत होतं. सूर अन् सूर बरोबर होता. पळती जागा तर आयुष्यात इतकी स्वच्छ कधी आली नव्हती.

"ह्यो बघा, दुसरं पेनड्राइव्ह!" कुणीतरी म्हणालं.

वडील गर्दीतून पुढं आले. त्यांनी माझ्या बोटांकडं नीट पाहिलं, वाजवणाऱ्याकडं बघतात तसंच. मी आणखी जोरात छेडलं. एक तार तुटली. त्यांनी हात वर करून माझं मनगट धरलं.

"उतर खाली," ते हळूच म्हणाले. "आजून किती हसं करून घेशील?"

मी उतरलो. तिथल्या दोनशे माणसांत मी वाजवतो हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला दुसरा बंद पडलेला माईक हातात धरून माझ्या बापाच्या पाठीवर थोपटत होता.